रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब

अर्जुनी मोरगाव येथे मराठीचे अध्यापन करीत असताना गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ दर काही वर्षांनी आमच्या वाट्याला येतो. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हापासून १८५७ च्या उठावाचे मराठी डोळ्यांनी पाहिलेले चित्र म्हणून त्याकडे पाहण्याची प्रथा आहे. त्यात काडतुसांचा विषय येतो आणि आम्ही नेहमीप्रमाणे चरबी, धर्मभावना, अफवा यांविषयी बोलू लागतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, पण काडतूस तर पितळेचे असते. ते दाताने कसे तोडणार?’ वर्ग हसला. आम्ही मात्र हसू शकलो नाही. इतकी वर्षे ज्या वस्तूवर आम्ही व्याख्याने देत होतो, ती वस्तू आमच्या डोळ्यांसमोर कधी उभीच राहिली नव्हती, हे त्या प्रश्नाने लक्षात आणून दिले.

विचारणारा विद्यार्थी एन.सी.सी.चा छात्र होता. चांदमारीच्या मैदानावर पॉइंट बावीसची रायफल चालवल्यावर गवतातून एकेक रिकामी पुंगळी शोधून, मोजून परत जमा करावी लागते, हा त्याचा अनुभव. एखादी सापडली नाही तर सगळी तुकडी गुडघ्यांवर बसून गवत चाळते. ‘रिकाम्या पुंगळीचा एवढा हिशेब कशासाठी?’ हा त्याचा दुसरा प्रश्न होता. या दोन प्रश्नांच्या शोधात आम्हांला जे हाती लागले, ते येथे मांडण्याचा हेतू आहे.

प्रारंभ शब्दांपासून करणे आम्हां भाषेच्या शिक्षकांना सोयीचे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूशो’पासून आपल्याकडे आला, ‘पिस्तूल’ही त्याच वाटेने. ‘तोफ’ तुर्की. ‘चकमक’ हा शब्द तर विशेष पाहण्यासारखा आहे. ठिणगी पाडणारी गार ती चकमक आणि दोन तुकड्यांमधील छोटी लढाई तीही चकमक. तोड्याच्या म्हणजे जामगी लावून उडवायच्या बंदुकीनंतर चकमकीची बंदूक आली, आणि ती इतिहासजमा झाल्यावरही वर्तमानपत्रांतली ‘चकमक’ उरली. ‘पुंगळी’ मात्र घरचा शब्द आहे. पोकळ नळी, कागदाची गुंडाळी, एवढाच त्याचा साधा अर्थ. गोळी सुटून गेल्यावर मागे राहणाऱ्या पितळी कवचाला मराठी माणसाने हाच शब्द दिला. आज पंचनाम्यात ‘घटनास्थळावरून रिकाम्या पुंगळ्या हस्तगत केल्या’ असे वाक्य येते, तेव्हा त्यातली पुंगळी पितळेची असते. पण तिच्या नावात तिचा कागदी पूर्वज अजून जिवंत आहे.

१८५७ चे काडतूस म्हणजे खरोखरच कागदाची पुंगळी होती. मोजलेली दारू आणि शिशाची गोळी एका कागदात गुंडाळलेली असे. शिपायाने टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि मग बंदुकीच्या कानावर टोपी बसवायची. एन्फील्ड रायफलीच्या आट्यांमधून गोळी सहज सरकावी म्हणून कागदाला वंगण लावलेले असे, आणि त्या वंगणाची शंकाच मेरठपर्यंत पेटत गेली. गोळी सुटल्यावर कागदाचा फारसा काही उरत नसे. त्यामुळे रिकाम्या काडतुसाचा हिशेब ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय असे काडतूस करायला कागद, दारू, शिसे आणि दोन हात पुरेसे. पेशवाईतले आणि शिंद्यांच्या कवायती फौजेतले लोक ते आपल्याच कोठारात वळत असत. उठावातील दिल्लीत मात्र तुटवडा पडला तो टोप्यांचा. त्या तांब्याच्या इवल्याशा टोपीत आघाताने पेट घेणारे रसायन असते आणि ते घरगुती पद्धतीने करता येत नाही. कारखान्यावाचून बंदूक मुकी होते, हा धडा १८५७ च्या त्या उन्हाळ्यात टोपीने शिकवला. पुढच्या दहा वर्षांत तोच धडा पितळेने पक्का केला.

१८६६ हे या इतिहासातील कळीचे वर्ष. इंग्रज कर्नल एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन या दोघांनी टोपी काडतुसाच्या बुडातच बसवण्याच्या दोन स्वतंत्र युक्त्या त्याच वर्षी सिद्ध केल्या. बॉक्सरच्या पद्धतीत टोपीचा आघात झेलणारी छोटी ऐरण टोपीतच असते आणि बुडाला मधोमध एक छिद्र असते. बर्डनच्या पद्धतीत ही ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग असते आणि तिच्या बाजूंना बारीक छिद्रे असतात. फरक सुताएवढा, परंतु परिणाम मोठा. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत आतून साधी सळई घालून वापरलेली टोपी बाहेर ढकलता येते, म्हणजे ती पुन्हा भरणे सोपे. बर्डनच्या पुंगळीत हे काम किचकट. पुढे घडले ते गमतीचे आहे. इंग्रज माणसाची युक्ती अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन माणसाची युक्ती इंग्रजी साम्राज्याच्या पॉइंट तीनशे तीन काडतुसात जाऊन बसली. पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत घरोघर पसरला, तसा तो येथे पसरला नाही. त्यामागे कायदा हे मुख्य कारण आहेच, पण ही सुताएवढी ऐरणही आहे.

बॉक्सरची पहिली पुंगळी अखंड नव्हती. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून ती वळलेली असे आणि तिला लोखंडी बूड जोडलेले असे. म्हणजे धातूत उतरलेले जुने कागदी काडतूसच. मार्टिनी-हेन्री रायफलीतून सुटताना तो पत्रा कधी फाटे, कधी तापलेल्या नळीत अडकून बसे. जानेवारी १८८५ मध्ये सुदानातील अबू क्ली येथे अनेक सैनिकांच्या रायफली ऐन लढाईत अशा अडकल्या. त्यानंतर एकाच पितळी चकतीतून ओढून काढलेली अखंड पुंगळी सर्वत्र आली. तिचा पहिला गुण विश्वासार्हता आणि दुसरा टिकाऊपणा. गोळी निघून गेली, दारू जळून गेली, तरी सर्वांत मेहनतीने घडवलेला भाग जमिनीवर जवळजवळ शाबूत पडून राहतो. म्हणजे काडतुसाला आता मरणोत्तर आयुष्य लाभले होते.

ही पुंगळी घडते कशी, हे पाहताना आमची पावले पुण्याकडे वळली. खडकीच्या रणभूमीवर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. त्याच खडकीत १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. काडतुसाच्या पितळेत सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. त्याच्या पत्र्यातून चकती कापतात, तिची वाटी करतात, ती वाटी साच्यातून ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होत जाते आणि आणखी ओढले तर चिरते. म्हणून दोन ओढींमध्ये तापवून ते पुन्हा मऊ करावे लागते. शेवटी बूड कडकच ठेवायचे आणि तोंड पुन्हा तापवून मऊ करायचे, कारण बुडाने धक्का सोसायचा असतो आणि तोंडाने फुगून नळीला घट्ट चिकटायचे असते.

हे वाचताना आम्हांला जाणवले की यातले मर्म खडकीपासून काही मैलांवर, कसब्यातल्या तांबट आळीला पेशवाईपासून ठाऊक होते. मठारकाम करणारा तांबट ठोक्यांनी भांडे कडक करतो आणि फार कडक होऊन चिरण्यापूर्वी ते भट्टीत घालून मऊ करतो. आमच्या बाजूचे उदाहरण द्यायचे तर भंडाऱ्याचे. १ मे १९९९ पर्यंत अर्जुनी मोरगाव भंडारा जिल्ह्यातच होते, आणि भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव. ‘भाण’ म्हणजे पितळेचे भांडे, त्यावरून गावाचे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. येथला कासार जुने भांडे ‘मोड’ म्हणून घेतो आणि त्याचेच नवे घडवतो. ‘मोडीत काढणे’ या वाक्प्रचाराला आपण टाकून देण्याचा अर्थ चिकटवला. कासाराच्या लेखी मोड ही पुढच्या भांड्याची सुरुवात असते.

रिकामी पुंगळी पुन्हा वापरण्याचा प्रश्न नेमका या दोन टोकांच्या मधला आहे. ती मोड म्हणून वितळवायची, की आकारात आणून पुन्हा भरायची? प्रत्येक स्फोटाबरोबर पितळ फुगते, साच्यात दाबून पुन्हा आवळले की आकसते, आणि या फुगण्या-आकसण्यात ते थोडे थोडे कडक होत जाते. आयुष्य संपत आल्याची चिन्हे ठरलेली आहेत. तोंडाशी केसासारखी उभी चीर दिसते, टोपीचे घर सैल पडते, बुडाच्या वर एखादे चकाकते कडे उमटते. हे शेवटचे लक्षण सर्वांत धोक्याचे. आतून पितळ पातळ झाल्याची आणि बूड धडापासून सुटण्याची ती पूर्वसूचना. रायफलीची लांब, गळ्याशी आवळलेली पुंगळी प्रत्येक वेळी ताणली जाते, म्हणून ती लवकर थकते. पिस्तुलाची पुंगळी आखूड, बहुधा सरळ भिंतीची आणि कमी दाब सोसणारी, म्हणून ती कितीतरी अधिक वेळा वापरता येते. तिचा शेवट बहुधा तोंडाच्या चिरेनेच होतो. एन.सी.सी.च्या पॉइंट बावीसमध्ये स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते. ती कड एकदा चेपली की पुंगळी पुन्हा भरण्याच्या कामाची राहत नाही. आणि तरीही आमच्या विद्यार्थ्याला ती मोजावी लागते.

तेव्हा हिशेबाचे कारण पितळेच्या किमतीत नसून राज्यकर्त्यांच्या भयात शोधावे लागते. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागची बंदूक ठेवायची, हे धोरण झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य प्रजेचे हत्यार परवान्याखाली आले. त्याच सुमारास अमेरिकेत बायसनचे शिकारी माळरानावर शेकोटीशी बसून आपल्या पुंगळ्या आपणच भरत होते, आणि तेथील सैन्य सरावासाठी पुन्हा भरण्याची साधने तुकड्यांना पुरवत होते. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन राजकीय दृष्टी आहेत. तेथे पुंगळी काटकसरीची वस्तू ठरली, येथे संशयाची. हा संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. वायव्य सरहद्दीवरचे पठाण इंग्रजी फौजेच्या मागे पडलेल्या पुंगळ्या वेचून भरत आणि त्याच फौजेवर झाडत. हिंदी पोलिसांसाठी पुढे ईशापूरच्या कारखान्यात एकेक बार झाडणारी पॉइंट चारशे दहाची मस्केट तयार झाली. तिची पुंगळी मूळ तीनशे तीनचीच, केवळ तिचा गळा आवळलेला नसे. पोलिसाच्या हाती दिलेल्या बंदुकीत लष्कराचे काडतूस चालू नये, हा त्यामागचा हेतू. ज्याच्यावर राज्य राखण्याची जबाबदारी टाकली त्याच्यावरही विश्वास नाही, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा दस्तऐवज आमच्या पाहण्यात नाही. आणि तो पितळेत लिहिलेला आहे.

साम्राज्याच्या या काटेकोर व्यवस्थेला पावसाळ्याने मात्र हैराण केले. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसे पागांमध्ये साठवून ठेवली जात. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर न उडवलेल्या काडतुसांनाच चिरा पडलेल्या, विशेषतः जेथे पितळ गोळीभोवती आवळलेले तेथे. काहीही न करता पितळ आपले आपण फुटते, याचे कारण बराच काळ कोणाला कळेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळेवर काम करत होता. पण केवळ त्याने पितळ फुटत नाही. ओढताना आणि आवळताना धातूत जो ताण कोंडून राहिलेला असतो, त्याला अमोनिया वाट करून देतो. उपायही त्यातूनच निघाला. घडवून झाल्यावर पितळेला मंद आच दिली, तर कडकपणा न घालवता आतला ताण निवतो. वर आम्ही ‘पेटत गेली’ असे म्हटले, त्या १८५७ च्या घटनेला हे रूपक लावण्याचा मोह आम्हांला झाला. पण रूपके स्वस्त असतात आणि धातूचा नियम माणसांना लागू करताना जपून राहावे, म्हणून तो मोह येथेच सोडतो.

पिस्तुलाच्या पुंगळीने महाराष्ट्राच्या इतिहासात एक वेगळाच प्रवेश केला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक त्यांच्या हाती होते. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, चालवणारा काढील तेव्हाच त्या बाहेर पडतात. ब्राउनिंगसारखे स्वयंचलित पिस्तूल मात्र प्रत्येक बारानंतर पुंगळी आपणहून बाहेर फेकते. म्हणजे हत्याराने वेग दिला आणि त्याबरोबर जागेवर साक्षीदारही सोडला. या साक्षीदाराची जबानी घेण्याचे शास्त्र पुढच्या दोन दशकांत उभे राहिले. १९२७ साली इंग्लंडमध्ये गटरिज नावाच्या पोलिसाचा खून झाला. पुढच्या वर्षी त्या खटल्यात पुंगळीच्या बुडावरचे ठसे आरोपीच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरशी जुळले आणि पुंगळी न्यायालयात बोलू लागली.

पुन्हा भरलेली पुंगळी ही या शास्त्रापुढची अडचण. टोपी नवी असते, त्यामुळे तिच्यावरचा ठसा ताजा असतो. पण कडेवर आणि भिंतीवर जुन्या बंदुकीचे ओरखडे तसेच राहतात आणि त्यांवर नवे चढतात. बुडावरचा कारखान्याचा शिक्का आणि साल हे पुंगळी कधी घडली ते सांगतात. ती शेवटची कधी आणि कोणत्या हातून उडाली ते सांगत नाहीत. जुन्या पोथ्या वाचणाऱ्याला हे नवे वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता: कोणता पाठ मुळातला आणि कोणता नंतरच्या हाताने चढवलेला? पोथीच्या शेवटी लिहिलेला शक नकलेचा आहे की मूळ रचनेचा, हे न पाहता निष्कर्ष काढणारा अभ्यासक आणि बुडावरचे साल पाहून गुन्ह्याचा काळ ठरवणारा तपासनीस, दोघेही सारखेच फसतात.

आता पुन्हा अर्जुनी मोरगावकडे येऊ. येथील जंगल आणि कोहळ्यांनी बांधलेला नवेगावचा तलाव ही एके काळी शिकाऱ्यांची आवडती जागा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, १९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यान झाले आणि मारुती चितमपल्लींच्या लेखणीने हा तलाव मराठी वाचकाच्या घरात नेला. शहरी शिकाऱ्याकडे काडतुसाची बंदूक असे, तर गावकऱ्याकडे भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची. अबू क्लीला शंभर वर्षे होत आली तरी येथे १८५७ पूर्वीची रीत नांदत होती. ‘काडतूस दाताने कसे तोडणार’ हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांना कदाचित पडला नसता.

आणि याच तालुक्यातला केशोरीकडचा पट्टा दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून नोंदला गेला. ‘चकमक’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांनी शब्दकोशात शोधला नाही. तो त्यांनी घरी ऐकला. त्यांच्यापैकी काहींचे भाऊ पोलिसांत भरती झाले, काहींच्या गावातून कोणी एका रात्री जंगलात निघून गेले. पंचनाम्यातल्या पुंगळ्यांचा आकडा वाचताना त्यांच्या मनात येणारी माणसे आमच्या मनात येत नाहीत. तसेच, काडतुसातली दारू जेथे तयार होते त्या कारखान्याचेही नाव येथे घ्यायला हवे. १९६४ साली स्थापन झालेल्या भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. गोळी कोठेही झाडली गेली नव्हती. पुंगळ्यांच्या हिशेबात ही माणसे कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या तासाला उत्तर दिले. एक कागद घेतला, त्यात वाळू भरली, टोके मुरडली आणि त्याच्या हाती दिली. त्याने ती पुंगळी दाताने फाडली. दातांखाली कागद चुरचुरला, वाळूचे कण जिभेवर आले आणि त्याने तोंड वेडेवाकडे केले. वर्गात एकदम शांतता पसरली. चरबीच्या अफवेवर आम्ही दिलेल्या कोणत्याही व्याख्यानाने जे झाले नव्हते ते त्या क्षणी झाले: ज्या गोष्टीला आपण ‘धर्मभावना’ असे मोघम नाव देतो, ती आधी जिभेवरची चव होती, हे मुलांना कळले. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या लेखात आहे तेवढेच आम्हांला देता आले. रिकामी पुंगळी मोजण्याची शिस्त आपल्याला एका भ्यालेल्या राज्याने दिली. ते राज्य १९४७ साली गेले आणि शिस्त राहिली. ती आज वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. सुटलेल्या प्रत्येक गोळीचा जाब कोणाला तरी देता आला पाहिजे, आणि लोकशाहीत तर अधिकच. मात्र तो जाब कोणी कोणाला द्यायचा हे आता बदललेले आहे, एवढे आमच्या विद्यार्थ्याने गवतात पुंगळी शोधताना लक्षात ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.